नदीच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा?

नेहमीप्रमाणे ही आपल्या भागाची लिखित आवृत्ती. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलंय पण आकडे पुन्हा बघायचेत त्यांच्यासाठीसुद्धा.

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. तुमच्यापैकी अनेकांनी कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग केलं असेल, नसेल तर मित्रांचे रील्स तरी पाहिले असतील. आता सांगा, एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे दगड उघडे पडलेले असतात. मग कुंडलिकेला रोज सकाळी एवढं पाणी येतं कुठून?

ते पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळेचं आहे. तीच मुळा, जी बालेवाडी-वाकडच्या मधून वाहते आणि जिच्या पुलावर आम्ही आयटीवाले रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो. सह्याद्रीच्या कड्यापाशी उगम पावणारी ही नदी पूर्वेला वळते, पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमा, उजनी, पंढरपूर, मग कृष्णा आणि शेवटी थेट बंगालचा उपसागर. निसर्गाने ठरवलेला मार्ग हा. पण १९२७ पासून तिचं बरंचसं पाणी मुळशीला अडवून, बोगद्यातून आणि पाइपातून पाचशे मीटरहून जास्त खाली कोकणात भिरा इथे सोडलं जातं. त्यावर वीज तयार होते. वीज तयार झाली की ते पाणी कुंडलिकेत. त्या पाण्यावर तुमचा राफ्ट.

म्हणजे एकाच पाण्यावर किती जणांचा हक्क आहे बघा. मुंबईची वीज, रोह्याचे कारखाने, कोलाडचं पर्यटन, मावळातली शेती, पुण्याचा नळ, सोलापूरचा शेतकरी, चंद्रभागेत स्नान करणारा वारकरी, आणि स्वतः नदी, तिच्यातले मासे. सगळ्यांना हवं तेवढं पाणी नाही. मग कुणाला आधी द्यायचं? आणि हे ठरवायचं कुणी, कशाच्या आधारावर?

महाराष्ट्रात गेली शंभर वर्षं या प्रश्नाची उत्तरं दिली जातायत. कधी तुरुंगात, कधी लवादात, कधी मंत्रालयात, कधी रस्त्यावर. आज तीच गोष्ट.

१. मुळशी : ज्यांची किंमत कुणी धरलीच नाही

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा लांबून, बंगाल-बिहारकडून यायचा. टाटांनी त्याआधीच लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून १९१५ मध्ये खोपोलीचं वीज केंद्र सुरू केलं होतं. घाटमाथ्यावर तुफान पाऊस, आणि शेजारीच कोकणात उतरणारा सरळ कडा. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर याहून सुंदर साइट मिळणं अवघड. पुढचं धरण ठरलं मुळशीला, निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ.

त्या खोऱ्यात पन्नासहून जास्त गावं होती. आंबेमोहोर तांदळाची खाचरं होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. सार्वजनिक हित म्हटलं की जमीन घेता येते, असा तो कायदा. इथे सार्वजनिक हित म्हणजे वीज.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन बसायला सुरुवात केली. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. नेतृत्वात पांडुरंग महादेव बापट होते, विनायकराव भुस्कुटे होते. याच लढ्यातून बापटांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती कायमची. गावातले पुरुष होते तशा बायकाही होत्या. पहिल्या टप्प्यानंतर काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, मग पुन्हा सत्याग्रह, अटका, शिक्षा. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांना नेणारी रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. लढा हरला.

राजेंद्र व्होरा या पुण्यातल्या अभ्यासकाने या लढ्यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. पण मला या गोष्टीत वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. इथे खलनायक शोधायला गेलात तर गोंधळ होतो. टाटा म्हणजे त्या काळात स्वदेशी उद्योगाचा अभिमान. परक्या कंपन्यांना टक्कर देणारा भारतीय माणूस. त्यामुळे अनेक राष्ट्रीय पुढाऱ्यांची पंचाईत झाली. देशाचा उद्योग की देशाचा शेतकरी? गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांनाच आवाहन केलं, की गरिबाची इच्छा नसताना त्याची जमीन घेऊ नका.

आणखी एक गाठ होती. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या नावावर गेली होती. म्हणजे भरपाईचा आकडा वाढला तर सावकाराचा फायदा, आणि जमीन वाचली तर कसणाऱ्याचा. दोघं एकाच आंदोलनात, पण दोघांची गणितं वेगळी. व्होरांनी हे फार बारकाईने दाखवलंय.

म्हणून मुळशीचा पहिला धडा माझ्या मते असा : नदीची किंमत काढताना हिशेबाच्या वहीत कुणाचं नाव लिहिलंय, यावर अर्धा निकाल लागलेला असतो. विजेचं मोजमाप होतं, कोळशाचा भाव माहीत होता. खाचराचाही भाव लावला गेला. पण त्या खाचरावर राबणारा, सातबाऱ्यावर नसलेला माणूस वहीत नव्हताच. नदीकाठचं देऊळ, गुरांचं पाणी, पिढ्यांची वस्ती, यांच्यासाठी कॉलमच नव्हता.

२. बच्छावत लवाद : पर्याय आहे का?

आता पन्नास वर्षं पुढे येऊ. स्वातंत्र्य मिळालं, भाषावार राज्यं झाली आणि कृष्णा नदी तीन राज्यांत विभागली : महाराष्ट्र, कर्नाटक (तेव्हाचं म्हैसूर) आणि आंध्र प्रदेश. मुळशीसारखाच, पण कितीतरी मोठा प्रकल्प कोयनेला उभा राहिला. कृष्णेच्या उपनदीचं पाणी कड्यावरून चिपळूणकडे, वाशिष्ठीच्या खोऱ्यात. आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

खालची राज्यं म्हणाली, थांबा. कृष्णेचं पाणी तुम्ही विजेसाठी पश्चिमेला सोडता, ते शेवटी अरबी समुद्रात जातं. आमची शेतं तहानलेली आहेत. हे वळवणं बंद करा.

१९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. १९७३ मध्ये अहवाल आला, १९७६ मध्ये अंतिम आदेश. एकूण हमखास पाणी धरलं २,०६० टीएमसी. त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण वाटपापेक्षा मला लवादाची विचार करायची पद्धत आवडते. सिंचन मोठं की वीज, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्यांचा युक्तिवाद साधारण असा : वीज कोळशापासून करता येते, तेलापासून करता येते, अणुऊर्जेपासून करता येते. पण पिकाला पाण्याशिवाय दुसरं काही चालत नाही. म्हणून कृष्णेच्या खोऱ्यात सर्वसाधारणपणे सिंचनाला विजेच्या आधी मान.

किती साधी कसोटी आहे बघा. ‘कोण महत्त्वाचं’ असं विचारलं तर भांडण होतं. ‘कुणाला पर्याय आहे’ असं विचारलं तर निदान चर्चा तरी होते.

मग कोयना आणि टाटांची धरणं बंद झाली का? नाही. कारण लवादाने दुसरंही तत्त्व धरलं : सप्टेंबर १९६० पर्यंत जे वापर चालू होते किंवा ज्यांची बांधिलकी झाली होती, त्यांना शक्यतो हात लावायचा नाही. मुंबई त्या विजेवर उभी राहिली होती. म्हणून बंदी आली नाही, मर्यादा आली. टाटांच्या धरणांतून कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त नाही, आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही. कोयनेसाठी सुरुवातीची काही वर्षं सवलत देऊन शेवटी ६७.५ टीएमसीची मर्यादा.

२१२ ला पाचने भागा. ४२.४ टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या आसपास होतात. आता तुम्हाला अंदाज येईल की आपण केवढ्या पाण्याबद्दल बोलतोय.

लवादाच्या आदेशात अजून एक गंमत आहे आणि ती माझ्यासारख्या डेटा बघणाऱ्या माणसाला जास्त भावते. ‘उपयुक्त वापर’ म्हणजे काय याची त्यांनी यादी दिली. घरगुती, नगरपालिकेचा, सिंचन, उद्योग, वीज, नौकानयन, मत्स्यपालन, वन्यजीव रक्षण आणि चक्क मनोरंजनसुद्धा. १९७० च्या दशकात! मग प्रत्येक वापर मोजायचा कसा तेही सांगितलं. सिंचनाला घेतलेलं पाणी शंभर टक्के वापरलं असं धरायचं. खोऱ्यातल्या शहरांनी घेतलेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के वापरलं धरायचं, कारण बाकीचं सांडपाणी होऊन नदीत परत येतं. उद्योगांचं फक्त अडीच टक्के. खोऱ्याबाहेर नेलेलं पाणी मात्र पूर्ण शंभर टक्के गेलं.

कागदावर हे बरोबर आहे. पाणी परत येतं हे खरंच. पण ते कसलं पाणी येतं? संगम पुलावर उभं राहून मुळा-मुठेकडे एकदा बघा, आणि नाकाला रुमाल लावा. प्रमाण मोजलं गेलं, प्रत मोजली गेली नाही. शहराने घेतलेल्या पाण्यातलं ८० टक्के वहीत ‘परत’ आलं, पण खालच्या गावाला ते पिता येत नाही, गुरांना पाजता येत नाही. मोजायची पद्धत ठरली की कुणाचं नुकसान दिसणार आणि कुणाचं दिसणार नाही, हेही ठरतं.

३. याद्यांचा काळ

१९८७ मध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय जलधोरण आलं आणि त्यात थेट क्रमवारीच दिली : पिण्याचं पाणी, मग सिंचन, जलविद्युत, नौकानयन, शेवटी उद्योग आणि इतर. २००२ च्या धोरणात या यादीत चौथ्या नंबरावर पर्यावरण घुसलं. २०१२ च्या धोरणाने वेगळी मांडणी केली : पिणं आणि स्वच्छता यांचं पाणी सगळ्यात आधी, त्यानंतर घरातल्या इतर मूलभूत गरजा, अन्नसुरक्षा, पोटापुरती शेती आणि निसर्गाची किमान गरज, आणि एवढं भागल्यावर उरलेलं पाणी ही आर्थिक वस्तू.

आणि महाराष्ट्र? आपल्या २००३ च्या राज्य जलनीतीत पहिला नंबर घरगुती वापराचा, दुसरा नंबर उद्योगाचा आणि शेती तिसऱ्या नंबरावर, जलविद्युतसोबत. पर्यावरण आणि मनोरंजन दोघं मिळून चौथे. देशाच्या धोरणात शेती दुसरी आणि उद्योग मागे असताना आपल्याकडे उलटं. मग धरणाचं सिंचनासाठीचं पाणी शहरांना आणि कारखान्यांना वळवायचे निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीत होऊ लागले. विदर्भात औष्णिक वीज प्रकल्पांना धरणाचं पाणी देण्यावरून आंदोलनं झाली. शेवटी २०११ मध्ये सरकारने क्रम बदलला : शेती दुसरी, उद्योग तिसरा.

मी कोड लिहितो, त्यामुळे अशी यादी दिसली की मला प्रायॉरिटी क्यू आठवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कॉम्प्युटरमध्ये कामांची रांग असते, प्रत्येक कामाला एक क्रमांक दिलेला असतो आणि ज्याचा क्रमांक वरचा त्याचं काम आधी. बँकेतल्या टोकनसारखं, फक्त इथे व्हीआयपी नेहमी पुढे. या पद्धतीतला एक आजार आम्हाला कॉलेजातच शिकवतात. वरच्या क्रमांकाची कामं येतच राहिली तर तळाच्या कामाचा नंबर कधीच लागत नाही. त्याला स्टार्व्हेशन म्हणतात, म्हणजे उपासमार. काम रांगेत असतं, नियमाप्रमाणे असतं, कुणी त्याला नकार दिलेला नसतो. फक्त त्याची पाळी येत नाही.

पर्यावरणाचा चौथा नंबर म्हणजे नेमकं हेच. नदीला स्वतःसाठी पाणी द्यायला कुणाचाच विरोध नाही. फक्त पहिल्या तिघांचं भागल्यावर. आणि पहिल्या तिघांचं कधी भागलंय?

४. ‘पिण्याचं पाणी’ म्हणजे नक्की किती?

यादी बदलून प्रश्न सुटतो का, याचं उत्तर त्याच वर्षी मिळालं. फार कडू उत्तर होतं.

पवना ही मुळेची उपनदी. पवना धरणातून पाणी नदीत सोडायचं आणि खाली पिंपरी-चिंचवडने ते उचलायचं, अशी जुनी व्यवस्था. त्याऐवजी धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. शहराचं म्हणणं, गळती थांबेल, पाणी स्वच्छ मिळेल. मावळच्या शेतकऱ्यांचं म्हणणं, पाणी पाइपातून गेलं तर नदीत काय राहणार? आमच्या उपसा मोटारी कशावर चालणार? ९ ऑगस्ट २०११ रोजी क्रांतिदिनाला बऊरजवळ शेतकऱ्यांनी मुंबई-पुणे एक्सप्रेसवे रोखला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यातली एक बाई.

हेच ते २०११, जेव्हा शेती यादीत एक पायरी वर चढली होती. पण या भांडणात त्याचा काही उपयोग नव्हता. कारण समोर उद्योग नव्हता, समोर ‘पिण्याचं पाणी’ होतं, आणि पिण्याचं पाणी कुठल्याही यादीत पहिलंच असतं. असायलाच हवं. पण आपल्या सोसायटीला येणारं सगळं पाणी आपण पितो का? त्यातच फ्लश आहे, गाडी धुणं आहे, लॉन आहे, स्विमिंग पूल आहे. हे सगळं ‘घरगुती’ या एका शब्दाखाली पहिल्या नंबरावर जाऊन बसतं. आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या भाकरीचा प्रश्न आहे तो दुसऱ्या नंबरावर.

म्हणून २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातली ती बारीक रेघ मला महत्त्वाची वाटते : पिणं-स्वच्छता वेगळं, घरातल्या बाकीच्या गरजा वेगळ्या, आणि पोटापुरती शेती किमान गरजांच्या पंगतीत. एकाच शब्दातल्या गरजेला आणि चैनीला वेगळं केल्याशिवाय क्रमवारीला अर्थ नाही.

२०१६ आठवतंय? आपण बरेच जण तेव्हा कॉलेजात होतो. भीषण दुष्काळ. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. सोशल मीडियावर जुंपली होती. एक गट म्हणायचा, मैदानाला लागणारं पाणी ते कितीसं, त्याने लातूरची तहान भागणार आहे का? हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण न्यायालयासमोरचा मुद्दा लिटरचा जितका होता तितकाच तत्त्वाचाही होता. लोक रांगेत घागरी घेऊन उभे असताना गवतावर पाणी मारायचं की नाही.

आता तो मघाचा आकडा आठवा. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर. लातूरची ती पाच लाख लिटरची रेल्वे घेतली तर एका टीएमसीला छप्पन हजारांहून जास्त फेऱ्या लागतील. आपण रेल्वेवर आणि पिचवर रात्रभर भांडलो. ४२ टीएमसीवर फारसं कुणी बोललं नाही.

५. वाटून घ्यायची जुनी रीत

इतका वेळ आपण रांगेबद्दलच बोलतोय. पण पाणी वाटायची रांग हीच एकमेव पद्धत आहे का?

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एकच पीक, आणि कुठल्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. खरी मेख पुढे आहे. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचा. मग नुकसान कुणाचं? सगळ्यांचं, थोडं थोडं. कुणी एकटा मरायचा नाही आणि कुणी एकटा तरायचाही नाही.

दुसरं उदाहरण पुण्याजवळचं, पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत सुरू केली. साळुंखे पेशाने इंजिनिअर आणि उद्योजक. त्यांचे नियम बघा : पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

या नियमांत मुळशीच्या वहीतली चूक दुरुस्त केलेली दिसते. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस इथे हिशेबात आहे.

दोन्ही पद्धती छोट्या होत्या, गावापुरत्या. कृष्णेसारख्या नदीला त्या जशाच्या तशा लागू होणार नाहीत हे मला कळतं. फड आता मोडकळीला आलेत, विहिरी आणि मोटारी आल्यावर एकत्र राहायची गरज कमी झाली. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मोठ्या नदीलाही लागू पडतो : तुटवडा आला तर तो कुणाच्या वाट्याला?

६. मग मुळशीचं पाणी परत फिरवायचं?

ही मागणी दर दुष्काळात होते. भीमेच्या खोऱ्याला पाणी नाही, तर टाटांच्या धरणांचं पाणी कोकणात न सोडता पूर्वेला सोडा. पुणे-पिंपरीच्या वाढत्या वस्तीलाही मुळशीवर नजर ठेवावी लागतेय.

बच्छावतांची कसोटी लावली तर आज बाजू अधिक भक्कम आहे. १९७३ मध्ये विजेला पर्याय कोळसा होता, आता सूर्य आणि वारा आहेत. पण थांबा. जलविद्युत काही मिनिटांत सुरू करता येते आणि बंदही. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमकी तेव्हाच विजेची मागणी चढते. त्या वेळेला धरणाच्या विजेची किंमत युनिटच्या भावापेक्षा जास्त असते.

आणि दुसरी गोष्ट. शंभर वर्षांत खाली नवं जग वसलंय. भिवपुरीच्या वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर उन्हाळ्यात उल्हास नदी जिवंत राहते आणि बदलापूर ते कल्याणपर्यंतची शहरं ते पाणी पितात. खोपोलीच्या पाण्यावर पाताळगंगा. भिऱ्याच्या पाण्यावर रोह्याचे कारखाने, वाटेतली गावं, कोलाडच्या राफ्टिंगवर पोट असलेली पोरं. १९२१ मध्ये यातलं कुणीच दावेदार नव्हतं. आता आहेत. उद्या एका सहीने बोगदा बंद केला तर आपण मुळशीचीच चूक पुन्हा करू, फक्त घाटाच्या दुसऱ्या बाजूला.

माझं मत विचाराल तर असं. एकदम सगळं फिरवायचं नाही आणि ‘शंभर वर्षं चालतंय’ म्हणून सगळं तसंच ठेवायचंही नाही. प्रत्येक घोटाचा हिशेब तीन प्रश्नांनी करावा. या वापराला दुसरा पर्याय आहे का? हा प्रश्न बच्छावतांचा. या हिशेबात कुणाचं नाव राहिलंय? हा मुळशीच्या मावळ्यांचा. आणि कमी पडलं तर कमतरता कशी वाटायची? हा पांझरेच्या फडाचा. उल्हास काठाला पिण्यासाठी लागतं तेवढं सुरक्षित ठेवून, पावसाळ्यात जेव्हा कोकणाला त्या पाण्याची गरज नसते तेव्हाचा हिस्सा पूर्वेला देता येतो का, दुष्काळी वर्षासाठी वेगळा नियम आधीच लिहून ठेवता येतो का, हे शांतपणे तपासण्यासारखं आहे. शांतपणे म्हणजे पाऊस चांगला झालेल्या वर्षी. टँकर फिरायला लागल्यावर कुणी तपासत नाही, फक्त ओरडतं.

आणि नदीचा स्वतःचा नंबर? मघाशी सांगितलेल्या स्टार्व्हेशनवर कॉम्प्युटरवाल्यांनी उपाय शोधलाय. त्याला एजिंग म्हणतात. जे काम जितका वेळ रांगेत थांबेल तितका त्याचा क्रमांक आपोआप वर सरकतो. शेवटी त्याची पाळी येतेच. कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये नदीत किमान प्रवाह राहावा म्हणून थोडं पाणी वेगळं धरलं, ती त्या दिशेने टाकलेली पायरी म्हणता येईल. मुळा-मुठा तर कित्येक वर्षं तळाच्या नंबरावर उभी आहे.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरी येणारं पाणी कोणत्या धरणातून येतं, आणि ते धरण होण्याआधी तिथे कोणती गावं होती, हे शोधून काढा. आजीला विचारा, गावच्या काकांना विचारा, जुना नकाशा बघा. जे सापडेल ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात वाजवू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि नळ नीट बंद करा!